लागून राहिली

"तू बक्षी सरांकडे होतीस? नशीबवान आहेस बाई!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसती मान हलवते. आमच्या कॉलेजात एमबीएच्या पोरांमध्ये बक्षी सरांचं नाव निघालं की जो तो सरसावून बसतो. मला मात्र त्यांचं नाव निघालं की तळहाताला लव्हेंडरचा वास येतोय असं वाटायला लागतं, आणि तो हात ओढणीला पुसावासा वाटतो. किळस म्हणतात ती हीच. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं.

बक्षी सर मर्चंट बँकर. नागपुरात रामदासपेठेत त्यांचं ऑफिस. छोट्या कारखानदारांच्या कंपन्या शेअर बाजारात उतरवायच्या, म्हणजे लोकांना त्यांचे शेअर विकायचे आणि त्यासाठी लागणारं जाडजूड माहितीपत्रक तयार करायचं, हा त्यांचा धंदा. "आम्ही उपवर कंपन्यांची लग्नं जुळवतो," असं ते हसत सांगायचे. पन्नाशीचा सडपातळ माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज इतका हळू की समोरच्यानं वाकूनच ऐकावं. त्यांना मोठ्यानं बोलताना मी एकदाच ऐकलं. ते शेवटी येईल.

उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी मी मुलाखतीला गेले तेव्हा रात्र रात्र ताळेबंद पाठ करून गेले होते. बक्षी सरांनी फाइल उघडलीच नाही.

"कुठे राहता?"

"महालात, जुन्या वस्तीत."

"घरी काय बोलता? 'मला' का 'मले'?"

"मला," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "आई जेवायला वाढते तेव्हा?"

"मले," मी म्हटलं, आणि कान गरम झाले.

"सोमवारपासून या."

जिना उतरताना मी हवेत होते. आपल्या घरच्या बोलीनं आपल्याला कुणी निवडलं, याचं केवढं अप्रूप वाटलं होतं! ती बोली त्यांना कशासाठी हवी होती, हे कळायला वेळ लागला.

आमच्या गल्लीत 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग' या शब्दातला शेवटचा तेवढा सगळ्यांना कळला. समोरच्या मावशींनी लगेच एफडीचे दर विचारले. "लागली का वं पोरगी बँकेत?" असं कुणी विचारलं की आई सांगायची, "लागून राहिली." म्हणजे अजून लागली नाही, पण लागायच्या वाटेवर आहे, काम चालू आहे. आमच्याकडे हा 'राहणे' कशालाही जोडतात. जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे, येऊन राहिलो म्हणजे वाटेत आहे. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि नागपुरात कुणाचा यावरून कधी गोंधळही होत नाही.

सुरुवातीचे दिवस खरंच सुखाचे होते. बाहेर रस्ता तापलेला आणि आत इतका गारवा की मी स्टोल घेऊन बसायची. माझ्या नावाचा ईमेल. मीटिंगमध्ये बक्षी सर ओळख करून द्यायचे, "या आमच्या अॅनालिस्ट." आणि शिकवायचे फार सुंदर. नफा दाखवणारी कंपनी आतून पोकळ कशी असते, हे त्यांनी चहाच्या कपाखालच्या कागदी रुमालावर चार रेघांत समजावून दिलं होतं. कॉलेजला ते दोन सत्रांत जमलं नव्हतं. शिपायाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे हे त्यांना पाठ असायचं. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं, असं मला तेव्हा वाटत नव्हतं. आता वाटतं.

'खोटं' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी येत नसे. "स्टोरी जरा पुढून सांगू या," असं ते म्हणत. एखाद्या कारखान्याला पुढच्या वर्षी ऑर्डर मिळण्यासारखी असली की ती या वर्षीच मिळाल्यासारखं वाक्य ते बसवायचे. "उद्याची गोष्ट आज सांगायची, एवढंच तर आपलं काम." मी आणि पुण्याहून आलेला दुसरा इंटर्न ऋत्विक, आम्ही दोघं यावर हसायचो. सरांची वाक्यं आम्ही एकमेकांना सरांच्याच आवाजात म्हणून दाखवायचो.

मग मी आणि ऋत्विक पहिल्यांदा त्यांच्याबरोबर कळमेश्वरला गेलो.

तिथल्या एमआयडीसीत परातेकाकांचा गॉज-बँडेजचा कारखाना होता. पराते मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. वडील हातमागावर बसायचे, यांनी पॉवरलूम टाकले, मग साडी-धोतर सोडून दवाखान्यात लागणारं जाळीदार कापड विणायला घेतलं. आता त्यांना स्टरलायझर बसवायचा होता, म्हणजे बँडेज निर्जंतुक करणारी मोठी मशीन. ती बसली की थेट मोठ्या इस्पितळांच्या ऑर्डरी घेता येणार होत्या. नाही बसली तर आहेच, कुणा दुसऱ्याला कच्चा माल पुरवत राहा. कंपनीची सगळी किंमत त्या एका मशीनवर होती.

गाडीनं शहर सोडलं तसे बक्षी सरांनी पायातले चकचकीत बूट काढून पिशवीत घातले आणि चामड्याच्या साध्या चपला घातल्या. घड्याळ काढून खिशात ठेवलं. बाह्या दुमडल्या. मी बघतच राहिले. गेटवर उतरले तो वेगळाच माणूस.

"काय गा पराते, कसं चालून राहिलं मंग? तब्येत-पानी बरी हाय न? अन् ही पोट्टी आपली महालातली हाय."

मला आधी हसूच आलं. बक्षी सर धरमपेठेतले, घरी शुद्ध मराठी, शाळा इंग्रजी. ही बोली त्यांनी ड्रायव्हरकडून ऐकून ऐकून उचललेली. आणि उचलली होती ती नको तितकी. वयानं मोठ्या, पहिल्याच भेटीतल्या माणसाला आमच्याकडे कुणी 'गा' म्हणणार नाही, 'जी' म्हणेल. परातेकाकांना ते खटकलं असेल. पण ते हसले आणि म्हणाले, "या साहेब, बसा. तुमी तं आपल्यातलेच निघाले जी."

काकूंनी जेवायला पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता. बक्षी सरांनी भुरके मारत खाल्ला, मागून घेतला, घाम पुसत "बम झाली काकू पाटोडी, अशी तं माह्या मायनंबी नाई केली" म्हणाले. काकू पदराआड लाजल्या. परत निघालो, कारखाना मागे पडला, आणि सरांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. बाटलीभर पाण्यानं खळखळून चुळा भरल्या, पुन्हा पुन्हा, रस्त्याच्या कडेला. "तेल होतं की काय होतं ते! माणसं जगतात कशी?" मग डॅशबोर्डमधून लव्हेंडरचं सॅनिटायझर काढून मनगटापर्यंत चोळलं. बूट चढवले, घड्याळ घातलं. रामदासपेठ येईपर्यंत ते फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत गोल्फबद्दल बोलत होते.

माझ्या पोटातही तोच रस्सा होता. आमच्या घरीही तसाच करतात.

पण खरी गोष्ट मशीनची. कारखाना पाहताना बक्षी सरांनी विचारलं होतं, "काका, मशीन लागली का?" काकांनी मागच्या शेडकडे बोट दाखवून सांगितलं, "लागून राहिली साहेब." आम्ही शेडमध्ये गेलो. मशीन लाकडी खोक्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. शेजारी पाया खणून ठेवलेला, सळया वर आलेल्या. पायाशी एक कुत्रा झोपला होता.

ऋत्विक तेव्हा शेडबाहेर उभं राहून फोनवर सगळं टिपून घेत होता. माहितीपत्रकाचा तो भाग त्यानंच लिहिला आणि त्यात स्वच्छ इंग्रजीत लिहून टाकलं की स्टरलायझर बसवलेला असून तो तिथे कार्यरत आहे. मी त्याला म्हटलं, "अरे, मशीन खोक्यात आहे."

"काकाच तर म्हणाले, लागून राहिली."

"मग?"

"मग काय? ओढ लागून राहते, तशी. लागली आणि आता राहिली. पर्मनंट."

मी खुर्चीत बसून इतकी हसले की मला ठसका लागला. पुण्याच्या पोरानं पुण्याचं मराठी लावलं, त्याची चूक ती काय? त्याला समजावून सांगितलं, तोही हसत सुटला, आणि आम्ही दोघं ही गंमत सांगायला सरांच्या केबिनमध्ये गेलो.

सर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. पेन्सिलीनं त्याच्याखाली हलकी रेघ मारली. खाडाखोडीची नव्हे, आवडलेल्या ओळीखाली मारतात तशी.

"राहू दे," ते म्हणाले.

"पण सर, चुकीचं आहे ते," ऋत्विक म्हणाला.

"चुकीचं कसं? प्रमोटर म्हणाला, लागून राहिली. तू मराठी माणूस, तुला जे समजलं ते तू इंग्रजीत लिहिलंस. उद्या कुणी विचारलंच तर अर्थाचा घोळ झाला. घोळ हा गुन्हा नसतो." मग माझ्याकडे बघून गोड हसले. "आणि तुमच्या नोकरीचं पत्र मी पुढच्या आठवड्यात काढायचं म्हणतोय."

आम्ही दोघं बाहेर आलो. आपल्या अडाणीपणाला इतकी किंमत आहे हे ऋत्विकला त्या दिवशी कळलं असणार.

पुढच्याच आठवड्यात सह्यांसाठी आम्ही पुन्हा कळमेश्वरला गेलो. पुन्हा चपला, पुन्हा बाह्या. ऑफिसच्या टेबलावर काकांनी गॉजचं स्वच्छ कापड अंथरलं होतं, शुभ कामाला म्हणून. उमरेडहून त्यांचे दोन चुलतभाऊ आले होते, कडक टोप्या घालून, भिंतीशी खुर्च्यांवर. काका सही करायच्या आधी म्हणाले, "साहेब, मले इंग्रजी तेवढं जमत नाई. तुमी वाचा न एकडाव. हे आमचे भाऊ हायेत, आमची अख्खी उमरेड हाय. ह्या लोकाईले कागदातलं काई समजनार नाई. हे माहं तोंड पाहून पैसे टाकतीन. मले समजलं पायजे."

"काहून नाई काका!" बक्षी सर म्हणाले आणि कागद हातात घेऊन वाचायला लागले. काय वाचलं! परिच्छेदामागून परिच्छेद त्या माणसानं इंग्रजीतून सरळ आमच्या बोलीत उतरवला, एकदाही न अडखळता. काका माना डोलावत होते. मग मशीनचं पान आलं. कागदावर इंग्रजीत होतं, बसवलेली आहे, चालू आहे. बक्षी सरांनी डोळ्यांची पापणीसुद्धा न हलवता वाचलं, "अन् कंपनीची स्टरलायझर मशीन लागून राहिली."

काकांचंच वाक्य, जसंच्या तसं काकांना परत दिलं.

"बरोबर," काका म्हणाले. पेनाचं टोपण काढलं. आणि मग, का कोण जाणे, कदाचित पोरगी नुसतीच बसली आहे, तिलाही विचारावं म्हणून, माझ्याकडे वळले. "काय वं बाई? तू तं महालातली. बरोबर वाचलं न साहेबानं?"

बक्षी सर माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर तेच गोड हसू. मी टेबलाखाली ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं होतं. मला नोकरी हवी होती, हे मी लपवत नाही. पण त्या माणसानं मला 'वं' म्हटलं होतं, घरच्या पोरीला म्हणतात तसं, आणि त्या 'वं'ला दुसऱ्या भाषेत उत्तर देणं मला जमलं नाही.

"वाचलं ते बरोबर हाय काका," मी म्हटलं. "लिहिलं ते येगळं हाय."

"काय लिहिलं?"

"लागली. चालू झाली."

भिंतीकडचा एक चुलतभाऊ खाकरला. परातेकाकांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग मागच्या शेडकडे, जणू आम्ही बसलो असतानाच मशीन आपोआप बसली की काय. मग म्हणाले, "मंग साहेब, तुमी काहून म्हटलं, लागून राहिली?"

"अहो काका, एकच न ते! दोन महिन्यानं लागनारच हाय. तवा हे खरंच होईन."

"मंग सही दोन महिन्यानं करतो," काका म्हणाले आणि टोपण लावलं. रागावले नाहीत, आवाज चढला नाही. काकूंना आतून चहा आणायला सांगितलं. तो चहा आम्ही सगळ्यांनी प्यायला. त्या चहाइतकं अवघड मी आजवर काही प्यायलेले नाही.

परतताना गाडीत बक्षी सर मला झापतील म्हणून मी अंग चोरून बसले होते. त्यांनी नेहमीसारखे बूट चढवले, घड्याळ घातलं, सॅनिटायझर काढून हात चोळले. मग बाटली माझ्याकडे धरून म्हणाले, "हात पुढे कर."

मी हात पुढे केला. का केला, अजून कळत नाही. त्यांनी माझ्या तळहातावर ते गार, गोड वासाचं पाणी ओतलं.

"छान बोललीस," ते म्हणाले. "टायमिंग चुकलं फक्त."

घरी येऊन मी तो हात राखेनं घासला. वास जाईना. आई म्हणाली, "काय झालं वं? काही सांडलं का हातावर?"

त्यानंतर मला ऑफिसात कुणी काही बोललं नाही, आणि कुणी काही कामही दिलं नाही. ते वाक्य मात्र दुरुस्त झालं. सरांनी सगळ्यांना ईमेल पाठवला की आमच्या अंतर्गत तपासणीत एक भाषिक चूक वेळीच पकडली गेली. चूक कुणाची ते लिहिलं नव्हतं, पण बदललेल्या वाक्यापुढे दुरुस्ती करणारा म्हणून ऋत्विकचं नाव होतं. नोकरीचं पत्रही त्यालाच मिळालं. त्यानं ते घेतलं. त्याचा मला राग आला नाही, कीव आली. गल्लीत समोरच्या मावशींनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "लागून राहिली होती. ते राहिलंच मंग."

दसऱ्याला परातेकाकांचा फोन आला. मशीनची पूजा आहे, ये. मी आनंदानं गेले, बसनं. शेडमध्ये मशीन बसली होती, खरोखर बसली होती, झेंडूच्या माळा घातलेली, आणि आतून गरम वाफेचा आवाज येत होता. उमरेडची मंडळी जमलेली. पहिल्या रांगेत, कपाळाला कुंकू, पायात त्या साध्या चपला, बक्षी सर.

मला पाहताच ते उठले. आणि मी आधी म्हटलं तसं, मोठ्यानं बोलताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं.

"या या! पाहा मंडळी, हीच थे पोट्टी! हिनंच त्या दिवशी आमाले थांबवलं. आमच्या फर्ममंधी असं चालते. इंटर्नबी उठून बोलू शकते, साहेब चुकला म्हनून!"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. कुणीतरी मला पेढा दिला. मी तो हातात धरून उभी राहिले. माझ्या तोंडून निघालेलं ते एक वाक्यही या माणसानं स्टोरी करून विकायला काढलं होतं.

गर्दी प्रसादाकडे वळल्यावर परातेकाका माझ्याजवळ आले. फार खुशीत होते.

"बक्षी साहेबानं सांगितलं मले," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी तुले बोलायले त्याईनंच लावलं होतं म्हने. मी न वाचता सही करतो का काय, पाहासाठी. मोठा मानूस हाय. आता शेअरचा इश्यू पुन्हा त्याईच्याचकडे देऊन राहिलो."

पेढा अजून माझ्या हातातच होता. काय सांगणार होते मी, तिथे, त्या वाफेच्या आवाजात, त्यांच्या सणाच्या दिवशी? सांगितलं असतं तरी कुणाचं खरं वाटलं असतं? नोकरी न मिळालेल्या पोरीचं?

"काका," मी एवढंच म्हटलं, "सही करायच्या आधी वाचून घ्या. दुसऱ्या कोनाकडून."

"हाव वं, वाचून राहिलो न," काका हसून म्हणाले आणि पाहुण्यांकडे गेले.

फाटकाशी बक्षी सरांची गाडी लागली होती. काकूंनी त्यांच्या हातात प्रसादाचा द्रोण दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी, वाकून, कपाळाला लावून घेतला. गाडीत बसले. काच वर गेली. गाडी वळणावर गेली तशी काच पुन्हा थोडी खाली झाली, त्यातून द्रोण बाहेर आला आणि रस्त्याच्या कडेच्या गवतात पडला. मागच्या काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती, आणि खांदे हलत होते, हात चोळताना हलतात तसे.